यमुनेची वाकडी करंगळी

माझा धंदा लोकांची बोटं धरण्याचा आहे. असं सांगितलं की समोरचा माणूस एकतर हात मागे घेतो, नाहीतर पुढे करून विचारतो, "बघा बरं, परदेशयोग आहे का?" ज्योतिषी तळहात बघतो. मी फक्त बोटांची टोकं बघतो, आणि मला भविष्य सांगता येत नाही, शिल्लक सांगता येते.

कागदावर मी बँकमित्र आहे. सुकापूरला एका किराणा दुकानाला लागून माझा गाळा आहे. त्यात एक टेबल, एक लॅपटॉप, ठसे घेणारं साबणाच्या वडीएवढं यंत्र आणि पावत्या छापणारं त्याहून थोडं मोठं दुसरं. पनवेलच्या शाखेत जाऊन रांग लावणं ज्यांना परवडत नाही, ते माझ्याकडे येतात. आधारचा नंबर टाकायचा, रक्कम टाकायची, काचेवर बोट ठेवायचं. ठसा जुळला की पडद्यावर हिरवी खूण येते, त्यांच्या खात्यातली रक्कम माझ्या खात्यात वळती होते आणि मी गल्ल्यातली रोकड त्यांच्या हातात देतो. नाही जुळला तर लाल. लाल खुणेपुढे माझं काही चालत नाही. समोरच्या माणसाला मी वर्षानुवर्षं ओळखत असेन, त्याच्या मुलीच्या लग्नात दोनदा जिलबी वाढून घेतलेली असेल, तरी यंत्राने ओळख दिली नाही तर तो माणूस तो नव्हेच.

दर शुक्रवारी हे सगळं पिशवीत भरून मी स्कूटरवरून नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका आदिवासी वाडीवर जातो. तिथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, म्हणून माझी बँक टाकीच्या कट्ट्यावर भरते. बायकांच्या खात्यात सरकारकडून दरमहा थेट पैसे यायला लागले तेव्हापासून या कट्ट्याला जत्रेची कळा आली. आणखी एक बदल झाला, तो कुठल्या अहवालात येईल असं वाटत नाही. बायको भरला हंडा डोक्यावर घेत असताना आभाळाकडे बघत उभे राहणारे नवरे, पैसे जमा झाल्याच्या शुक्रवारी हंड्याला हात लावायला लागले. बाकीच्या शुक्रवारी आभाळ होतंच.

बायकाही काही कमी नाहीत. कट्ट्यावर रक्कम मोठ्याने कोणी बोलत नाही. मी विचारतो, "किती काढायचे?" उत्तर येतं, "गेल्या बारीला काढलं तेवडंच." म्हणजे गेल्या वेळी प्रत्येकीने किती काढले ते मी लक्षात ठेवायचं. शिल्लक किती ते सांगताना मी पुटपुटायचं. एकदा माझ्या तोंडून जरा स्पष्ट आवाजात आकडा निघाला, तर एका मावशीने पुढचे दोन शुक्रवार माझ्याशी अबोला धरला होता. एकीने पहिल्या पैशांतून चपला घेतल्या आणि मळू नयेत म्हणून कित्येक दिवस हातात धरून चालली. पावती मात्र मी प्रत्येकीला देतो, नको म्हटलं तरी देतो. बुधीबाई नावाच्या म्हातारीने तिच्यात मशेरी बांधली तरी देतो. माझी बायको म्हणते, "घरात चहाचीसुद्धा पावती मागणारा माणूस, वाडीवर बऱ्या पावत्या वाटत फिरतो."

आम्ही खांदा कॉलनीत राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर कारखानीस काका आहेत, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. माझं काम कळल्यापासून ते जिन्यात गाठतात. "अहो, फुकटचा पैसा हातात आला की माणूस आळशी होतो. लिहून ठेवा." काकांचं पेन्शनही दरमहा आपोआप खात्यात येतं, आणि ते काढायला काका कोपऱ्यावरच्या एटीएमपर्यंत रिक्षाने जातात; पण शेजारधर्म म्हणून मी तो विषय काढत नाही. मात्र मला पुरावा लागतो. म्हणून मी वाडीवर आळशी कोण आहे ते नीट बघायला लागलो. एक सापडलं. त्याचीच ही हकीकत.

यमुना ही बुधीबाईची सून. चाळिशीच्या आतली, किडकिडीत, बोलायला फटकळ. तिचा नवरा काळूराम. दिवाळीच्या सुमाराला वाडीवर वीटभट्टीचा मुकादम टेम्पो घेऊन येतो आणि माणसं ठरवून नेतो, ती थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीला सुटा माणूस चालत नाही, जोडी लागते. नवऱ्याने चिखल तुडवून गोळे करायचे, बायकोने ते साच्यात थापायचे. आगाऊ उचल मिळते ती जोडीला, आणि ती एकदा हातात घेतली की टेम्पोत बसावंच लागतं. यमुना लग्नानंतरच्या वर्षापासून दर वर्षी टेम्पोत बसत आली होती.

विटांच्या मातीत वाळू असते. थापणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेघा त्या वाळूने घासून जातात. भट्टीवरून आलं की पाठोपाठ लावणी, मग कापणी, त्यामुळे रेघा परत उमटायला उसंत मिळत नाही. यमुनेची बोटं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा टोकं नदीतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत होती. यंत्र तिच्या अंगठ्याकडे बघून विचारात पडायचं आणि लाल व्हायचं.

पैसे येत होते. त्याचा निरोप काळूरामच्या फोनवर यायचा. काळूराम म्हणायचा, "फोन बोलतो आला, मशीन बोलतं नाय. दोघातला कोन तरी खोटारडा हाय."

"दोघंबी खरं हायती," बुधीबाई म्हणायची. "तूच वाचून दाखवनारा खोटा."

पैसे अडल्याचं यमुनेला जे वाईट वाटत होतं त्याला कारण होतं. वाडीच्या मागे त्यांचा एक जमिनीचा तुकडा आहे. भात निघालं की त्याच ओलीवर तिथे वाल पेरता येतो. वालाला पाणी द्यावं लागत नाही, खत लागत नाही. लागते ती राखण, कारण माकडं आणि मोकाट गुरं टपलेली असतात. आणि पौषात, शेंगा भरायच्या दिवसांत, यमुना दर वर्षी दुसऱ्याच्या विटा थापत असायची. पनवेलच्या लोकांना पोपटीचं किती वेड आहे ते काही तिला मी सांगायला नको होतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उलटं घालून भोवती जाळ करायचा. त्या महिना-दीड महिन्यात रस्त्याच्या कडेला शेंगा घेऊन बसणाऱ्या बाईची पाटी दुपारपर्यंत रिकामी होते.

"मला नुसती संक्रांतीपावत चूल पेटती ठेवायची हाय, दादा," यमुना म्हणाली होती. "फुडचं वाल बगंल. मुकादमाचा पैसा घेतला नाय तर टेम्पोत बसायला नको. पन मंग खायाचं काय? त्यो पैसा तुमच्या मशिनीत अडकला."

"माझ्या मशीनमध्ये नाही, तुमच्या खात्यात आहे," मी म्हटलं. हिशेबाचं कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नाही.

"खात्यात हाय, पन खाता येत नाय," असं म्हणून ती हंडा घेऊन गेली.

शाखेत जाऊन स्लिप भरून पैसे निघतात. तसं मी सांगितलं, ती गेली. जायच्या-यायच्या भाड्यासह एक दिवसाची मजुरी बुडवून संध्याकाळी परत आली. त्या दिवशी तिथे अफाट गर्दी होती आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "तुमच्या गावात बँकमित्र येतो ना? मग त्याच्याकडे जा." दुसऱ्या शुक्रवारी यमुनेने कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "मी काय चेंडू हाय?"

मग आम्ही एकेक बोट लावून बघायचं ठरवलं. आधारला दहाही बोटांचे ठसे असतात, त्यातलं एक जुळलं तरी पुरे. पण एका दिवसात फार वेळा लाल आलं की नंबर काही वेळासाठी अडकतो, म्हणून दर शुक्रवारी दोन-तीन बोटांवर भागवायचं. वाडीला विरंगुळा झाला. मी स्कूटर लावली की आवाज यायचा, "दादा, आज कंचा बोट?" बायकांनी पैजा लावल्या, हरेल तिने चहा पाजायचा. उपायही भरपूर सुचवले गेले. कुणी खोबरेल चोळायला सांगितलं, कुणी चिंचेच्या कोळात बोट बुडवायला. करंज्याच्या बंदरावर बोंबील सुकवायच्या कामाला जाऊन आलेली एक बाई म्हणाली, "माजा बी लागत नव्हता. केसातून फिरवला नि लागला." यमुनेने केसांतून फिरवला. लाल.

काळूरामनेही एक उपाय सुचवला. "दादा, माजा लावून बगा. रेशनकार्ड एक, चूल एक, मंग अंगठं दोन कशाला?"

"नियमात बसत नाही, काळूराम."

"अरं, नवरा-बायकूचं काय येगळं असतंय?"

यमुना भांडं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "लावनीला माजी कंबर दुखती तवा तुमची का दुखत नाय मंग?"

टाकीवर इतका हशा पिकला की काळूराम त्या दिवशी हंड्याला हात न लावताच गेला.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार आला. यमुनेची नऊ बोटं लाल होऊन गेली होती. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मुकादम आधीच येऊन बसला होता, मांडीवर हातपिशवी घेऊन. एका टोकाला मी, एका टोकाला तो; एकाच कट्ट्यावर दोन गल्ले. त्याच्या गल्ल्याला ठसा लागत नव्हता. काळूराम त्याच्याशेजारी उकिडवा बसून जमिनीवर काडीने रेघा ओढत होता.

"काय ठरलं जोडीचं?" मुकादमाने विचारलं.

काळूराम यमुनेकडे बघत राहिला. यमुना माझ्यापुढे येऊन बसली. वालाचं बी तिने मडक्यात राख घालून ठेवलं होतं, हे तिने मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. त्या दिवशी तिने उजवा हात तेवढा पुढे केला.

"हा सगळा झालाय," मी म्हटलं. "डाव्या हाताची करंगळी राहिली."

तिने डावा हात पदरात घेतला. "ती नको, दादा. ती वाकडी हाय."

"तिनंच तर आमाला फशिवलं," बुधीबाई मागून म्हणाली. "बगायला गेलो तवा पोरगी पदर सावरून बसलेली. आमाला वाटलं, लाजती. हळदीला हात बगितला तर करंगळी आभाळात."

लहानपणी यमुनेचं ते बोट जात्याच्या वरच्या दगडाखाली सापडलं होतं. तेव्हापासून ते मधल्या पेरात वाकून उभं राहिलेलं, सरळ होत नाही, मिटत नाही. टोकाचा भाग बाहेर वळलेला, त्यामुळे काचेवर ते टेकतच नव्हतं. मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा तिला दुखलं आणि तिने हात ओढून घेतला.

"थापताना बी असाच," ती म्हणाली. "बाकीची चार चिखलात, नि ही वर. येवड्या वरसात तिनं एक वीट थापली असंल तर शपथ."

मी तिच्याकडे बघितलं. मग करंगळीकडे. जे बोट मातीला लागलंच नाही, त्याच्यावर रेघा असायलाच हव्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून मी ते डोळ्यांजवळ धरलं. होत्या. गोल, बारीक, ठसठशीत. आधार काढणाऱ्याने तेव्हा त्या कशातरी टिपलेल्या असल्या म्हणजे झालं.

इतकी वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो होतो, बोट सरळ ठेवा, यंत्र हलवू नका. त्या दिवशी मी यंत्र उचललं, वायर ताणली, ते तिरपं करून उलटं धरलं आणि टोपी घालावी तसं करंगळीच्या टोकावर टेकवलं. लाल आलं. बायका चुकचुकल्या. फडक्याने काच पुसली, जरा वेगळ्या कलाने पुन्हा टेकवलं. पडद्यावरचं चक्र फिरायला लागलं. टाकीपाशीसुद्धा रेंज मनात येईल तेव्हा येते. मुकादम मान उंचावून बघायला लागला. चक्र फिरत राहिलं, थांबलं, हिरवं झालं, आणि पावतीचं यंत्र किरकिरत चालू झालं.

यमुना करंगळीकडे बघून म्हणाली, "घ्या. अख्ख्या घरात हीच येक आळशी, नि हीच कमावती निघाली."

"सरळ बोटानं तूप निघत नाय, म्हून मी सांगतच व्हते," बुधीबाई म्हणाली.

"कवा सांगत व्हतीस?" काळूरामने विचारलं.

"मनात."

यमुनेने सगळे पैसे काढले नाहीत. लागतील तेवढेच घेतले. बाकीचे का नाही, असं विचारल्यावर काळूरामकडे हनुवटी करून म्हणाली, "तिथंच ऱ्हाऊ दे. तिथं यांचा हात पोचत नाय." पावती मात्र तिने पहिल्यांदाच मागून घेतली.

मग ती मुकादमापुढे जाऊन उभी राहिली. "औंदा मी येत नाय."

"जोडी नाय तर भाव नाय," मुकादम म्हणाला. "काळूराम, बायकोचं ऐकनार का तू?"

काळूरामने काडी टाकली. "तिचं नाय ऐकत. तिच्या करंगळीचं ऐकतो," म्हणाला; पण हसला नाही. घरात एकाची तरी भट्टीची कमाई लागणारच होती. शेवटी त्याने चुलतभावाशी जोडी लावली. दोन बाप्यांची जोडी म्हटल्यावर चिखल कोण तुडवणार आणि थापणार कोण यावरून बराच वाद झाला. चुलतभाऊ अंगाने दांडगा, म्हणून तुडवणं त्याच्याकडे गेलं आणि थापणं काळूरामकडे आलं. बायका टेम्पोजवळ जाऊन त्याला साडी देऊ का म्हणून विचारत होत्या.

टेम्पो भरूनच गेला, हेही सांगायला हवं. पैसे त्यांतल्या बऱ्याच बायकांच्या खात्यात येत होते, पण कुणाची उचल आधीच्या वर्षाची फिटायची होती, कुणाकडे पेरायला तुकडा नव्हता. दरमहाच्या त्या रकमेने टेम्पो अडत नाही. एक बाई खाली उतरली, एवढंच मला दिसलं, आणि जे दिसलं तेच मी लिहितो.

पौषात एका सकाळी यमुना आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पाटी घेऊन हजर. मीच पत्ता दिला होता. शेंगा अशा भरलेल्या की दाबल्या तर दाणा बोटाला लागत होता. कारखानीस काका स्वेटर घालून खाली आले, भाव विचारला, महाग आहे म्हणाले, दोन किलो घेतल्या आणि वर एक मूठ मागितली. यमुनेने घातली. रात्री गच्चीवर पोपटी लागली तेव्हा काका सालं फेकत म्हणाले, "वाल पिकवावा तर या लोकांनी. मेहनती जात." आळशी लोकांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. माझ्या बायकोने विचारलं. काकांच्या तोंडात शेंग होती.

त्याच आठवड्यात कट्ट्यावर मी यमुनेला म्हटलं, "आज जरा अंगठा लावून बघू." काचेवर ठेवला मात्र, पहिल्याच झटक्यात हिरवं. वाडीवर राहिलेल्या म्हाताऱ्या तिचा हात ओढून बघायला लागल्या. "बाय गं, शेटानीचा हात जाला." यमुना कितीतरी वेळ स्वतःचा अंगठा उन्हात धरून बघत होती. पण पुढच्या महिन्यात आली ती करंगळी पुढे करूनच.

"आता अंगठा लागतो की," मी म्हटलं.

"लागतो. पन त्यो नव्हता तवा हिनं घर चालवलं. आता त्यो आला म्हून हिला सोडू?"

कुठलंही बोट चालतं, नियमात बसतं. मी यंत्र उचलून तिरपं केलं.

पावसाच्या तोंडावर भट्टीची माणसं परतली. काळूराम काळवंडला होता, आणि चालताना हात अंगापासून जरा लांब धरत होता. मधल्या काळात घरकुलाचा पहिला हप्ता त्याच्या खात्यात जमा झाला होता. पुढच्या शुक्रवारी तो अंघोळ करून, भांग पाडून, रांगेत सगळ्यांच्या आधी येऊन बसला. अंगठा लावला. लाल. दुसरा लावला. लाल.

"दादा, माजी करंगळी लावा," तो घाईने म्हणाला.

करंगळीही लाल आली. त्याने हात उलटासुलटा करून बघितला. नदीतले गोटे.

यमुना टाकीवर हंडा भरत होती. "तुमची धाच्या धा सरळ," ती म्हणाली. "काय करनार?"

"मंग आता?"

"आता शाखेत जावा. थोडं दिस चेंडू व्हा."

सगळा कट्टा हसला. काळूरामही हसला, पण नजर बोटांवरच होती. मग त्याने मला हळूच विचारलं, मी बायकांना शिल्लक सांगताना पुटपुटतो तसं, "दादा, रेघा परत येतात का? किती दिस लागतात?"

आकडा मला माहीत होता. मी तोंड उघडलं, पण यमुनेने आधीच उत्तर दिलं.

"येतात. वाल पेरल्यापासनं शेंगा भरंस्तवर जेवडं दिस लागतात, तेवड्यात येतात. माज्या आल्या." नळ बंद करून तिने डोक्यावर चुंबळ ठेवली. "पन घरी ऱ्हावं लागतंय."

काळूराम उठला. त्या शुक्रवारी तिच्या खात्यात काहीच जमा झालेलं नव्हतं, आणि ते त्याला माहीत होतं, कारण निरोप त्याच्याच फोनवर येतो. तरी त्याने दोन्ही हातांनी हंडा उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.